पाचवा गुंडा

गेल्या वर्षीच्या जुलैचा पहिला शनिवार, दुपारी सव्वाचार. रक्कम रुपये पाचशे, रोख, एकच नोट. स्थळ, वारज्यातल्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अत्तारबाईंची गॅलरी. हजर: देणारा मी, घेणाऱ्या अत्तारबाई, माझी पत्नी वर्षा आणि तिसऱ्या मजल्यावरची श्रुती. ही श्रुती आयटीत आहे. ती तेव्हा एक मफलर विणत होती आणि दर दोन टाक्यांमागे एकदा मोबाईल बघत होती.

नोट हातात आल्यावर बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. मी अकरा वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे. माझी नोट कोणी उजेडात धरून पाहत नाही.

"पावती?" मी म्हणालो.

"मागणार हे माहीत होतं," म्हणत त्यांनी चष्म्याच्या डबीखालून आधीच लिहून ठेवलेला कागद काढला. लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'श्री. पायगुडे यांच्याकडून एका स्वेटरची अनामत रु. ५००. स्वेटर पूर्ण झाल्यास परत. अर्धवट सोडल्यास परत मागू नये, तोंडही दाखवू नये.' खाली सही, नसीम अत्तार.

वर्षाने कागद वाचला आणि ती म्हणाली, "बाई, पाचशे तुमचेच समजा. माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे."

श्रुती हसली. मला हसता आलं नाही, कारण वर्षाचं म्हणणं खरं होतं. आमच्या माळ्यावर एक हार्मोनियम आहे, साडेपाच महिने वाजवलेली. जर्मन शिकायचं पुस्तक आहे, खूण पान एक्केचाळीसवर. व्यायामाची सायकल बेडरूममध्ये आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. दुसऱ्यांचे आकडे मी पैशापर्यंत जुळवून देतो. स्वतःचं काम मध्यावर आलं की मला एकदम दुसरंच काहीतरी सुचतं.

या स्वेटरची सुरुवात लिफ्टमध्ये झाली. वर्षाच्या ऑफिसात तिची खुर्ची नेमकी एसीच्या झोताखाली आहे. पुण्यात थंडी आता बाहेर पंधरा दिवस पडते आणि ऑफिसात बारा महिने. तिने मोबाईलवर एक स्वेटर दाखवला, किंमत अठराशे. मी म्हणालो, "यात लोकर असेल सहाशेची. बाकी काय, नुसती मजुरी."

मागे भाजीची पिशवी घेऊन अत्तारबाई उभ्या होत्या. त्यांनी नाकावरचा चष्मा डोक्यावर नेला, डोक्यावरचा नाकावर आणला आणि म्हणाल्या, "नुसती? मग करा की. शनिवारी सव्वाचारला या. अनामत पाचशे."

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, त्या उतरल्या. वर्षा मजल्यांचे आकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

चष्म्यांबद्दल सांगायला हवं. बाईंचे चष्मे दोन. एक टाक्यांसाठी, एक माणसांसाठी. ज्याची गरज नाही तो डोक्यावर. बोलता बोलता त्यांनी चष्मे बदलले की समोरच्याने तयारीत राहायचं. वय एक्काहत्तर, उंच, काटक, सुती साडी, बाहेर पडताना डोक्यावरून पदर. खडकीच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिवण आणि विणकाम शिकवलं. त्यांचे यजमान तिथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. पन्नाशीपर्यंतचा संसार क्वार्टरमध्ये झाला, मग वारज्यात हा फ्लॅट घेतला. अत्तारसाहेब तो चार वर्षं वापरून गेले. मुलगा इम्रान मांजरीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. बाई एकट्या राहायच्या, पण दार कधी पूर्ण बंद नसायचं. साखळी लावून चार बोटं उघडं असायचं. त्या चार बोटांतून अख्ख्या इमारतीची येजा त्यांना दिसायची.

माझी त्यांची पहिली ओळख नोटीस बोर्डावर झाली. मी सूचना लावली होती, 'सर्व सभासदांना विनंती करण्यात येते की पाण्याचा वापर जपून करण्यात यावा.' संध्याकाळी पाहतो तर तिच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. 'कोण करते? कोणी करावा? सरळ लिहा. ६/१०.' मी चिडलो, पण रात्री वाचून पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी नवी सूचना लावली, 'पाणी जपून वापरा.' तिला आठ मिळाले.

जिन्यात गाठ पडली तेव्हा विचारलं, "बाई, दोन गुण कुठे गेले?"

"एक अक्षराचा. एक राखून ठेवलाय. सगळे दिले तर उद्या तुम्ही लिहाल कशासाठी?"

त्यांचा वर्ग बुधवारी आणि शनिवारी. फी नाही. फीऐवजी काम पूर्ण झालं की उरलेली लोकर त्यांना द्यायची. त्या लोकरीचं त्या एक पांघरूण विणत होत्या, कित्येक वर्षं. प्रत्येकाची लोकर पुरेल तेवढी ओळ, मग पुढच्याचा रंग. पांघरूण मांडीवर घेऊन त्या बोट ठेवत सांगायच्या, "ही पिवळी, शाळेतल्या शिपायाची, नातवाची टोपी. ही निळी, माझ्या एका विद्यार्थिनीची, जुळ्यांचे मोजे, चार. ही काळी एका मुलाची, त्याने मोटारसायकलच्या सीटला कव्हर विणलं. असो. पूर्ण केलं ना."

"अर्धवट सोडणाऱ्यांची लोकर?"

"घेत नाही. ती उसवलेली असते, वाकडी होते. ओळीत बसत नाही."

लोकर मी माळवाडीच्या दुकानातून आणली. वांगी रंग, वर्षाच्या पसंतीचा. पन्नास ग्रॅमच्या नऊ लडी, सत्तर रुपयांना एक, एकूण सहाशे तीस. म्हणजे लिफ्टमधला माझा अंदाज पाच टक्क्यांच्या आत होता. लडीवरून थेट विणता येत नाही, आधी तिचा गुंडा करावा लागतो. मी प्रत्येक लडीला एक ते नऊ आकड्यांची चिठ्ठी टाचून बाईंकडे नेल्या. त्यांनी चष्मे बदलले.

"लोकरीला नंबर?"

"हिशेबाला बरं पडतं."

"बरं. मग नंबरानेच वापरायच्या. एकानंतर दोन, दोनानंतर तीन. मधे हात घालायचा नाही. ठेवून जा, गुंडे मी करते. तुम्ही कराल तर बटाटे होतील."

बुधवारी नऊ गोल गुंडे परत मिळाले, माझ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा टाचलेल्या.

सुरुवात फार छान झाली. स्वेटरची पाठ आधी. एकशे बारा टाके घातले. खालची बॉर्डर, दोन सुलट, दोन उलट. ती रबरासारखी ताणली जायची आणि परत जागेवर यायची. मी ती घरी आलेल्या प्रत्येकाला ताणून दाखवली. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दाखवली. तो म्हणाला, "काका, भारी हाय. पैसे गूगल पे करताय का कॅश?"

बॉर्डर वीस ओळींत संपली. मग नुसतं साधं विणकाम सुरू झालं. काखेपर्यंत नव्वद ओळी, सगळ्या सारख्या. मी तक्ता केला. एकशे बारा गुणिले नव्वद, दहा हजार ऐंशी टाके. माझा वेग मिनिटाला बारा. म्हणजे चौदा तास, रोज अर्धा तास धरला तर अठ्ठावीस दिवस. संपूर्ण स्वेटर साधारण सदतीस हजार टाके. म्हणजे घाम गाळून एक ओळ पूर्ण केली की काम पुढे सरकणार शून्य पूर्णांक तीन दशांश टक्के. मी तक्त्यात रोज टक्केवारी भरू लागलो, आणि तिसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आपण विणण्यापेक्षा तक्ता जास्त वेळ बघतो आहोत.

त्याच सुमारास मी मोजमाप लटकवून घेऊ लागलो. सुई वर धरायची, विणलेलं खाली सोडायचं, मग टेप लावायचा. असं मोजलं की पाऊण इंच जास्त भरतं. बाईंनी एका बुधवारी हे पकडलं.

"अहो पायगुडे, लटकवून मोजलं की माणूससुद्धा वाढतो. सपाट ठेवा."

सपाट ठेवलं. पाऊण इंच गेला. मी तोंड पाडून बसलो. बाईंनी टेप माझ्या हातातून घेतला, गुंडाळला आणि त्यांच्या डब्यात टाकला. "पाठ झाली की परत मिळेल. तक्ता कुठे आहे?"

"घरी."

"वर्षाला सांगते, जपून ठेवायला."

वर्षाने तो इतका जपून ठेवला की अजून सापडलेला नाही.

अत्तारसाहेबांची गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली. साहेब कारखान्यात एकतीस वर्षं एकच तुकडा तपासायचे. पितळेचा, बोटाएवढा. मापात घालायचा, काढायचा, बरोबर असेल तर डावीकडे, नसेल तर उजवीकडे. दिवसाला शेकड्यांनी. बाईंनी लग्नानंतर एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? साहेब म्हणाले, "येतो की. पण मी जेवणाच्या सुट्टीपर्यंतच नोकरी करतो. सुट्टी झाली की ती नोकरी सोडतो. मग हात धुऊन दुसऱ्या नोकरीला लागतो, योगायोगाने त्याच टेबलावर."

"आणि शनिवारी?" श्रुतीने विचारलं.

"शनिवारी निवृत्त. सोमवारी परत भरती."

श्रुतीचा मफलर तेव्हा अडला होता. तो ती एका मुलासाठी विणत होती, आणि तो मुलगा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निकालात निघाला. ती येऊन सुया टेबलावर टाकून म्हणाली, "आंटी, आय ॲम डन. ज्याच्यासाठी करत होते तोच गेला. आता काय पॉइंट आहे?"

मला वाटलं बाई तिला जवळ घेतील. त्यांनी चष्मे बदलले आणि मफलर हातात घेऊन पाहिला. "याचं माप घेतलं होतंस?"

"मफलरला कुठे माप असतं, आंटी?"

"तेच म्हणते. शर्ट असता तर प्रश्न होता. गळा कुणाचाही चालतो. बस."

"पण रंग त्याचा फेव्हरेट आहे."

"त्याने विकत घेतलाय का रंग? बस, बस. चहा ठेवते."

श्रुती बसली. पाच-सहा ओळी ती रडत विणत होती. त्या ओळी घट्ट आल्या आहेत, अजून दिसतात. महिनाअखेर मफलर पूर्ण झाला आणि आता ती तोच घालून स्कूटीवर जाते. पूर्ण झाला त्या दिवशी मी तिला सहज विचारलं, "अनामत मिळाली का परत?" ती बाईंकडे बघून इतकी विचित्र हसली की मला वाटलं, मिळाली नसावी. मी तसं मनात टिपून ठेवलं.

सप्टेंबरात माझी पाठ खांद्यापर्यंत आली. शेवटून पाहायला घेतली तर बासष्टाव्या ओळीत, डाव्या कडेजवळ, सुलटऐवजी तीन उलट टाके. तीन बारीक गाठी.  मी बाईंना सांगितलं की मी पाठ बासष्टाव्या ओळीपर्यंत उसवतो आणि पुन्हा करतो.

"अजिबात नाही."

"अहो बाई, चूक आहे."

"आहे. राहू दे. वर्षाच्या ऑफिसात कोण तिच्या पाठीमागे उभं राहून टाके मोजणार आहे?"

"मी मोजेन."

"मग तुम्ही घरी मोजा. पायगुडे, चौतीस वर्षांत मी पाहिलंय. सुरुवातीला कोणी उसवत नाही, शेवटाला कोणी उसवत नाही. मध्यावर आलं की सगळ्यांना चुका दिसायला लागतात. चूक सुधारायची नसते त्यांना. पळायचं असतं, पण सभ्यपणे."

मला राग आला. घरी जाऊन सायकलवरच्या टॉवेलांकडे बघत बसलो. हार्मोनियम मी का सोडली होती? हाताची ठेवण चुकते आहे, पुन्हा पहिल्यापासून शिकायला हवं, म्हणून. जर्मन का सोडलं? उच्चार आधी पक्के करू, म्हणून. तीन उलट टाके जागेवर राहिले.

गुंड्यांच्या वजनाची गोष्ट याच्या नंतरची. तक्ता नव्हता, टेप बाईंकडे. शिल्लक लोकर तरी कळावी म्हणून मी उरलेले गुंडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. चौथा, पन्नास. सहावा, पन्नास. सातवा, आठवा, नववा, पन्नास. पाचवा, अठ्ठावन्न. तीनदा मोजला, अठ्ठावन्न.

आठ ग्रॅम लोकर जास्त आली होती. सत्तरला पन्नास, म्हणजे आठ ग्रॅमचे अकरा रुपये वीस पैसे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच गेलो.

दुकानदार अगरबत्ती लावत होता. मी सगळं सांगितलं. त्याने काडी विझवली.

"कमी भरली म्हणून आलात का?"

"जास्त भरली म्हणून."

"काका, तीस वर्षं दुकान आहे. असं गिऱ्हाईक..." त्याने वाक्य सोडून दिलं. "लडी कंपनीतून येते, माझा काय संबंध?"

"नफा तुमचा, मग फरकही तुमचा."

शेवटी त्याने अकरा रुपये घेतले आणि वीस पैसे त्याच्यातर्फे सोडले. हे मी शनिवारच्या वर्गात सांगितलं तेव्हा श्रुती तोंडावर मफलर धरून आत पाणी प्यायला गेली आणि पाच मिनिटं बाहेर आली नाही. बाईंनी मात्र माणसांचा चष्मा लावून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "अकरा रुपये दिलेत? खरोखर?"

"पावती नाही दिली त्याने."

"अल्ला," बाई म्हणाल्या, "या माणसाचं काम पूर्ण झालंच पाहिजे."

आणि ऑक्टोबरच्या शेवटी बाई मांजरीला गेल्या.

इम्रानला दुसरी मुलगी झाली होती, आणि त्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा झाला होता. सगळं आठ दिवसांत ठरलं. टेम्पोत सामान भरताना त्यांनी टेप माझ्या हातात ठेवला. "पाठ झाली, घ्या. आता पुढचे दोन भाग, छप्पन्न-छप्पन्न टाके. सगळं येतं तुम्हाला. नवीन काही नाही."

"तेच तर," मी म्हणालो.

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून ड्रायव्हरला रस्ता सांगू लागल्या.

अनामतीचा विषय मी काढला नाही. काम अर्धवट होतं, मला हक्क नव्हता.

चौथा गुंडा संपला तेव्हा पहिला पुढचा भाग निम्म्याच्या पुढे आला होता. तो संपला की दुसरा, अगदी तसाच. मग दोन बाह्या, एकीसारखी दुसरी. बुधवारी सव्वाचारला मी चपला घालून दुसऱ्या मजल्यावर जायचो तो आता जात नव्हतो. पिशवी सोफ्याच्या मागे गेली. तीन आठवडे तिथेच होती. दिवाळीची साफसफाई उशिरा निघाली तेव्हा वर्षाने ती बाहेर काढली.

मला वाटलं, आता टोमणा येणार. तिच्याकडे अठ्ठावीस वर्षांचा साठा आहे. पण ती साधेपणाने, अगदी झाडू कुठे ठेवू असं विचारावं तसं म्हणाली, "ही माळ्यावर टाकू का? हार्मोनियमशेजारी जागा आहे."

आणि मग तिने कपाटातून माझा जुना तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर काढून ऑफिसच्या पिशवीत घातला. तिने काही आशा धरलीच नव्हती, त्यामुळे तिची निराशाही झाली नव्हती. टोमणा परवडला असता.

"राहू दे," मी म्हणालो. "इथेच राहू दे."

मी बाईंना फोन लावला. नमस्कार वगैरे झाल्यावर म्हणालो, "बाई, माझं काम थांबलंय. तुमच्याकडे येऊन जाऊ का एकदा? बुधवारी?"

"पाचवा गुंडा संपला?"

"नाही. सुरूच नाही केला."

"मग फोन कशाला केलात?" आणि फोन ठेवला.

आठवड्याने पुन्हा केला. "संपला?" "आठ-दहा ओळी झाल्या." "बाळ रडतंय," त्या म्हणाल्या. मागे कुठलंही बाळ रडत नव्हतं.

मग मी अत्तारसाहेबांची पद्धत धरली. सकाळी चहाआधी दोन ओळी, मग नोकरी सोडली. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी दोन ओळी, नवीन भरती. टक्के काढले नाहीत. शपथेवर सांगतो, काढले नाहीत. एकदा फक्त मनातल्या मनात.

पहिला पुढचा भाग खांद्याला पोचला त्या दिवशी लोकर ओढताना गुंड्यातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. नारिंगी गोळी, चकचकीत कागदातली, शाळेच्या दारात मिळते तशी. तिच्याभोवती सुपारीएवढी कागदाची गुंडाळी. लाल पेन्सिल. 'निम्मं झालं. गोळी खा. मोजत बसू नका.'

मी मोजलं. साडेचार गुंडे संपले होते, नवाचे निम्मे. बाईंना तक्त्याची गरज लागली नव्हती.

वर्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय पडलं?"

मी गोळी दाखवली. ती समोर बसली. "आणखी आहे का आत?" म्हणत तिने गुंडा हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला. "सोडवून बघू?"

"नाही," मी म्हणालो. "नंबरानेच जायचं ठरलंय."

पाचवा गुंडा मी सहा दिवसांत संपवला. रोज रात्री जेवणं झाल्यावर वर्षा समोर येऊन बसायची, हातात काही नसताना. सहाव्या दिवशी शेवटचा पदर सुटला आणि औषधाच्या गोळ्यांची असते तसली एक प्लॅस्टिकची पुडी निघाली. आत चौघडी घातलेली पाचशेची नोट आणि चिठ्ठी. 'अनामत परत. आता फुकट विणा. न. अ.'

मी नोट उजेडात धरून पाहिली. तीच होती. कोपऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका होता, मी बँकेतून आणली तेव्हाचा. म्हणजे जुलैपासून माझे पाचशे रुपये माझ्याच घरात, माझ्याच पिशवीत होते, आणि मी गोळी, नोट, पुडी आणि चिठ्ठ्या मिळून आठ ग्रॅमचे अकरा रुपये माळवाडीच्या दुकानदाराला देऊन आलो होतो. ते परत मागायला गेलो नाही. त्याला समजावणं मला जमलं नसतं.

वर्षा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "मिळाले की पैसे. आता?"

हा प्रश्न बाईंनी मुद्दाम ठेवला होता, आता कळतंय. पाचशे परत आले होते. पावतीवरची धमकी संपली होती. चार गुंडे शिल्लक, एक पुढचा भाग, दोन बाह्या, सगळं आधी केलेलंच पुन्हा, आणि मला कोणी काही विचारणार नव्हतं. अशाच क्षणी जर्मनचं पुस्तक मिटलं होतं, मला चांगलं आठवतं.

मी सहावा गुंडा काढला.  वर्षाने उठून ट्यूबलाइट लावली, कारण मी मंद दिव्यात बसलो होतो.

स्वेटर फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात पूर्ण झाला. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब आहे, सपाट ठेवून मोजली तरी. वर्षा तो रोज नेते. तिच्या ऑफिसात कोणीतरी विचारलं, कुठून घेतला, तर तिने सांगितलं, "घरी बनवलाय. नुसती मजुरी." पाठीवरचे तीन उलट टाके मी अजून रोज सकाळी ती लिफ्टकडे वळली की बघतो. तिला हे माहीत आहे. ती मुद्दाम सावकाश वळते.

स्वेटर झाला त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं मांजरीला गेलो, वर्षा स्वेटर घालून, भर उन्हात. बाई इमारतीच्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. कुंपणापलीकडे ऊस उभा होता, आणि त्याच्या पलीकडे आणखी एक इमारत वर चालली होती. मांडीवर नात झोपलेली, नातीवर पांघरुणाचं एक टोक, आणि उरलेलं पांघरूण पायांवरून जमिनीपर्यंत. त्यांनी वर्षाला उन्हात उभं करून पुढून पाहिलं, मागून पाहिलं, तीन टाक्यांवर बोट ठेवलं. बाही ओढली, दुसरी ओढली, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"दहातले?"

"मग काय शंभरातले?"

"बाई, एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "पावतीप्रमाणे अनामत काम पूर्ण झाल्यावर द्यायची होती. तुम्ही मध्येच दिलीत. हे अटीत बसत नाही."

"तक्रार येणार हे माहीत होतं." त्यांनी चष्मे बदलले. "शेवटी कोणीही विणतं, पायगुडे. शेवटी द्यायची काय गरज? आणा."

मी खिशातून उरलेल्या लोकरीची पुडी काढली. घरून मोजून आणली होती. बाईंनी ती तळहातावर तोलली, सोडली, वांगी रंगाचं टोक पांघरुणाच्या चालू ओळीला जोडलं आणि नातीला न हलवता विणायला सुरुवात केली. आम्ही निघालो तेव्हा फाटकापाशी मी मागे वळून पाहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि पाच-सहा टाके आधीच विणून झालेले.

पावती मी मागितली नव्हती, पण ती माझ्या सदऱ्याच्या खिशात निघाली. त्यांनी ती कधी सरकवली, कळलं नाही. लाल पेन्सिलीत एवढंच होतं: 'श्री. पायगुडे यांच्याकडून फी पोचली. वांगी रंग, सतरा ग्रॅम. नसीम अत्तार.' मी घरी वजन केलं होतं, सतराच भरली होती.